थांब्याच्या मानेवरचा वळ

खिंडीच्या पायथ्याला निंबारी नावाचं एक गाव होतं, आणि त्या गावात हौसा नावाची नऊ वर्षांची एक मुलगी होती. तिला एका जागी बसणं म्हणून कधी जमलं नाही. ती चालायची नाही, टुणटुणायची. आणि तिची बोटं तर तिच्यापेक्षाही चुळबुळी होती. भाकरीचं पीठ हाताला लागलं की त्याचा उंदीर व्हायचा, साबणाच्या वडीचा ससुला व्हायचा, आणि चिखल मिळाला तर मग विचारूच नका, हातभर लांब मगरीपासून नखाएवढ्या चिमणीपर्यंत काय काय उगवायचं त्यातून!

पण घरची कहाणी काही अशी रंगीबेरंगी नव्हती. हौसाला आई नव्हती. होते ते फक्त तिचे वडील, आप्पा. एके काळी आप्पांनी चाकाला दांडा लावून एक गरका दिला, की मातीतून माठ असा वर यायचा की बघणाऱ्यानं तोंडात बोट घालावं. पण कितीतरी वर्षांपूर्वी त्यांच्या हातांना कंप सुटला. आधी बारीकसा, मग मोठा. आता त्यांना पाण्याचा लोटासुद्धा धड धरवत नसे. चाक कोपऱ्यात उभं होतं आणि त्यावर कोळ्यानं रुपेरी जाळं विणलं होतं.

म्हणून हौसा हातानं चिमुकल्या चुली, चिमुकल्या पणत्या, चिमुकले बैल करायची आणि गावच्या बागेच्या फाटकाशी टोपली मांडून विकायची. त्यातून दिवसाला एखादी भाकरी सुटायची. अर्धी आप्पांची, अर्धी हौसाची, आणि हौसाच्या अर्धीतली अर्धी फाटकाजवळच्या मंडळींची.

मंडळी म्हणजे कोण ते सांगते. निंबारीची हवा गार म्हणून उन्हाळ्यात मोठमोठी माणसं तिथल्या बंगल्यांत राहायला यायची. त्यांच्या मुलांना खेळायला मऊ मऊ पिल्लं लागायची. उन्हाळा संपला की ट्रंका टांग्यात चढायच्या, मुलं चढायची, पिल्लं मात्र बागेच्या फाटकाशी राहायची. गावातली माणसंही काही कमी नव्हती. मांजर म्हातारं झालं, सोडा फाटकाशी. पोपट फार बोलतो, सोडा फाटकाशी. मला विचाराल तर अशा माणसांना एक दिवस त्याच फाटकाशी उपाशी बसवलं पाहिजे. पण मला कोण विचारतो!

त्या मंडळींत कापशी नावाची पांढरीशुभ्र मनी होती. पंख कापलेला एक राघू होता. कुणीही दिसलं की तो मान वाकडी करून म्हणायचा, "बसा, बसा! पाणी घ्या!" आणि एक होता बदामी रंगाचा म्हातारा कुत्रा. त्याचा एक कान मोडलेला, बरगड्या मोजून घ्याव्यात अशा, आणि मानेभोवती केस झडून उमटलेला एक जुना वळ. बाकी सगळे येणाऱ्याजाणाऱ्या पायांकडे बघत. हा मात्र हौसाच्या टोपलीतल्या मातीला नाक लावून डोळे मिटून पडून राहायचा.

संध्याकाळी हौसा निघाली की तो तिच्यामागून येऊ लागे. तिला किती वाटायचं त्याला घरी न्यावं! पण आप्पांसमोर कुत्र्याचं नाव काढायची सोय नव्हती. एकदा तिनं विचारलं होतं, "आप्पा, आपुन एक कुत्रं पाळू या का वं?" तर आप्पांचे हात असे थरथरले की चहाची वाटी कलंडली. "कुत्र्याचं नाव न्हाय काढायचं या घरात," ते म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून बसले.

म्हणून कोपऱ्यावर आल्यावर हौसा हात वर करायची. "थांब रे. थांब हितं." आणि तो कुत्रा जागच्या जागी बसायचा. पाऊस येवो, गाडी येवो, हलायचा नाही. एवढं ऐकणारं कुत्रं मी तरी दुसरं पाहिलेलं नाही. त्यावरूनच हौसानं त्याचं नाव ठेवलं थांब्या.

बेंदूर पाच दिवसांवर आला. बेंदूर म्हणजे बैलांचा सण. त्या दिवशी बैलांच्या शिंगांना हिंगूळ लागतो, अंगावर रंगीत झूल चढते, पुरणपोळीचा घास मिळतो, आणि ज्यांच्या घरी बैल नाही ते मातीचा बैल आणून पाटावर पुजतात. हौसा पहाटेपासून बैल वळत होती. ती टोपली घेऊन फाटकाशी आली तर बागेचे मुकादम तातोबा तिथं काठी आपटत उभे.

"हौसे, उद्यापासनं हितं भाकऱ्या टाकायच्या न्हाईत," तातोबा म्हणाले. "बेंदराची मिरवणूक ह्याच रस्त्यानं जाती. कुत्री भुंकली, बैल बिथरले, तर जबाबदार कोण? बेंदराच्या सकाळी सगळी गाडीत घालनार आन् खिंडीपल्याड रानात सोडनार."

"तिकडं बिबट्या हाय की वं काका!"

"मग मी काय करू? मला मिरवणूक सांभाळायची हाय." तातोबा काही दुष्ट नव्हते. त्यांना फक्त रस्ता साफ हवा होता. पण बिबट्याच्या रानात म्हातारा थांब्या किती वेळ टिकणार? आणि पंख नसलेला राघू? हौसाला बसवेना, उभं राहवेना. ती बागेत शिरली आणि या झाडापासून त्या झाडापर्यंत फेऱ्या मारू लागली.

बागेच्या मधोमध एक जुनं कारंजं होतं. त्यातून पाणी उडायचं कधीच बंद झालं होतं. तळाशी थोडं साचलेलं पाणी आणि चिखल. भर दुपार होती, बाग रिकामी होती, तातोबा झाडाखाली घोरत होते. हौसा कारंज्याच्या काठावर टेकली आणि रडता रडता तिची बोटं सवयीनं तळच्या चिखलात गेली. काय आश्चर्य! चिखल कोमट लागला. मग त्यात काहीतरी लुकलुकलं. एक निळा ठिपका, एक केशरी, एक पोपटी. ठिपके गोल गोल फिरू लागले, फिरता फिरता वर आले, आणि टुपकन पाण्याबाहेर उडी मारून उभी राहिली एक इवलीशी परी!

जास्वंदीच्या कळीएवढी ती होती. झगा जांभळट गुलाबी, केसांत दवाचे मणी, आणि पातळ पातळ पंख. पण पंख जागोजागी विझलेले होते. तीही एका जागी उभी राहत नव्हती. या फुलावर, त्या फुलावर, पुन्हा या फुलावर.

"रडू नकोस गं हौसा," परी म्हणाली, "आणि मला बस म्हणू नकोस. बसताच येत नाही मला. या फाटकाशी कुणी एक जीव सोडून गेलं, की माझ्या पंखावरची एक टिकली विझते. आणि तो जीव वाट बघत असतो तोवर माझ्या डोळ्याला डोळा लागत नाही."

"मलाबी बसवत न्हाई," हौसा नाक पुसत म्हणाली.

"ते मी बघतेच आहे." परी हसली. तिनं चिखलात हात घातला आणि तीन गोळे काढले. चिखल कसला, त्यात सकाळच्या उन्हासारखी चमचम होती. "हे तीन गोळे म्हणजे तीन इच्छा. ज्या जिवाची मूर्ती तू घडवशील, त्याला सोडून गेलेल्या माणसाला चैन पडणार नाही. बसला तर उठेल, उठला तर चालेल, आणि चालत चालत मूर्तीपाशी येईल."

"मग तो त्याला घिऊन जाईल?"

"बोलावणं माझं. नेणं न नेणं त्याचं." परी या फुलावरून त्या फुलावर गेली. "आणि नियम ऐक. पहिला, जसं आहे तसंच घडवायचं. एक केस जास्त नाही, एक जखम कमी नाही. दुसरा, रागानं मातीला हात लावायचा नाही. तिसरा, स्वतःसाठी काही मागायचं नाही."

हौसाच्या ओठांवर आलंच होतं, आप्पांचे हात... पण तिनं जीभ चावली. "पन मंडळी तर अकरा हाईत."

"माझ्या पंखांत तिघांपुरतीच चमक उरली आहे गं, सोनुले," परी म्हणाली आणि पाण्यात मिटून गेली.

तीन कोण? रात्रभर हौसाच्या डोक्यात हेच. कापशीच्या पोटात पिल्लं होती, म्हणून ती पहिली. राघूला उडता येत नव्हतं, म्हणून तो दुसरा. आणि थांब्या? तो थांबेल, त्याला सवय आहे, असं हौसा मनाशी म्हणाली, आणि मग तिला स्वतःचाच राग आला.

दुसऱ्या दिवशी तिनं फाटकाशेजारच्या दगडी ओट्यावर कापशी घडवली. गुबगुबीत पोट, लांबुळकी शेपटी, डाव्या कानाची फाटलेली पाळी, सगळं जसंच्या तसं. शेवटी काडीनं डोळे कोरले, आणि मातीत चमक सळसळून गेली.

वरच्या आळीत मथुरावहिनी नवीन कोचावर बसायला गेल्या आणि मुंगी चावल्यासारख्या उठल्या. खुर्चीवर बसल्या, उठल्या. पाटावर बसल्या, उठल्या. "काय बाई होतंय मला आज!" म्हणत घरभर फिरल्या, अंगणात फिरल्या, आणि फिरत फिरत फाटकाशी आल्या. मातीची मनी पाहिली, तिचा फाटका कान पाहिला, आणि त्यांचा चेहरा कसनुसा झाला.

"नवा कोच नखांनी ओरबाडला म्हणून सोडलं गं मी हिला," त्या म्हणाल्या. "कोचावर बसून तरी कुठं सुख लागतंय!" त्यांनी खऱ्या कापशीला पदरात घेतलं आणि तिच्या कानाला गाल लावून घरी गेल्या. हौसा आनंदानं चार वेळा गिरकी घेऊन पाचव्या वेळी पडली.

पुढच्या दिवशी राघू. कापलेले पंख, विस्कटलेली पिसं, टक्कल पडलेली मान. डोळे कोरले, चमक सळसळली, आणि दुपारी दप्तरदार काका छत्री फिरवत आले. मूर्तीला त्यांनी तीन प्रदक्षिणा घातल्या.

"बसा, बसा! पाणी घ्या!" राघू आनंदानं ओरडला. आवाज अगदी काकांचाच होता.

काकांचे कान लाल झाले. "पिंजरा विकून टाकला आहे आता," ते कुणाकडेही न बघता म्हणाले. "आणि किती रया गेली आहे याची!" ते भराभरा निघून गेले. राघू त्यांच्या पाठीकडे बघून बराच वेळ म्हणत राहिला, "बसा... बसा..."

हौसाचं काळीज तुटलं. घरी आल्यावरही तिचा पाय ठरेना. कापशी देखणी म्हणून तिला नेलं, आणि राघूची रया गेली म्हणून त्याला नाही नेलं, तिनं हिशेब लावला. मग मोडक्या कानाच्या, फासळ्या निघालेल्या थांब्याला कोण नेणार? लहानपणापासून आप्पांनी तिला शिकवलं होतं, भांड्यावर डाग राहिला, बोट उमटलेलं राहिलं, की गिऱ्हाईक हात लावत नाही. वाळत ठेवण्याआधी ओलं फडकं फिरवून सगळं गुळगुळीत करायचं. कुंभाराच्या पोराला हे सांगावं लागत नाही, हात आपोआप फडक्याकडे जातो.

आणि तसंच झालं. तिसऱ्या दिवशी ओट्यावर तिसऱ्या गोळ्यातून तिनं थांब्या घडवला, पण त्याचा मोडका कान सरळ केला. बरगड्या भरून काढल्या. आणि मानेवरच्या त्या वळावरून ओलं फडकं फिरवलं, एकदा, दोनदा, वळ नाहीसा होईपर्यंत. असा देखणा कुत्रा झाला की काय सांगू! तिनं डोळे कोरले. माती चमकली नाही.

उन्हामुळं दिसलं नसेल, असं हौसानं स्वतःला समजावलं.

बेंदराचा आदला दिवस उजाडला. फाटकाशी ही गर्दी! जो तो म्हणे, वा, काय कुत्रा आहे! पण चैन गेलेलं, पायांनीच ओढत आणलेलं एकही माणूस त्यात नव्हतं. दुपारी पांढऱ्या घोड्याच्या टांग्यातून रेशमी लुगड्यातल्या एक बाईसाहेब उतरल्या. मूर्ती बघून त्यांनी टाळीच वाजवली.

"मुली, ही मला दे. आमच्या दिवाणखान्यात शोभेल. बदल्यात वर्षभराचं धान्य पाठवते तुझ्या घरी, आणि तुझ्या वडिलांना शहरातला डॉक्टर दाखवते."

वर्षभराचं धान्य! आप्पांना डॉक्टर! हे काही हौसानं मागितलं नव्हतं, आपणहून चालत आलं होतं. तिनं मान हलवायलाच घेतली होती, तेवढ्यात बाईसाहेब कपाळाला आठ्या घालून म्हणाल्या, "आणि हे खरं कुत्रं जरा बाजूला कर बाई. मूर्ती नीट दिसत नाही त्याच्यामुळे."

थांब्या मूर्तीच्या पायाशी बसला होता. मूर्तीच्या ओल्या मातीला त्यानं नाक लावलं होतं आणि शेपूट हळूहळू हलवत होता. बाईसाहेबांच्या टांगेवाल्यानं त्याला पायानं सारलं. थांब्या उठला, दोन पावलं लांब गेला, आणि पुन्हा बसला.

हौसाला एकदम रडू फुटलं. "मी त्याला पुसून टाकलं," ती म्हणाली. "म्या सोताच पुसलं त्याला!"

तिनं मूर्ती दोन्ही हातांनी उचलली, गर्दीतून वाट काढत कारंज्यापाशी धावली, आणि धपकन पाण्यात टाकली. मागे लोक ओरडले. बाईसाहेब "वेडी आहे का ही?" म्हणत टांग्यात चढल्या. धान्य गेलं, डॉक्टर गेला.

पाण्यात माती विरघळू लागली आणि परी वर आली. आज तिचे पंख जवळजवळ काळोखे होते.

"एका गोळ्याची इच्छा एकदाच असते गं हौसा," ती हळूच म्हणाली.

"पन कच्ची माती परत भिजती! भाजल्याबिगर माती वाया जात न्हाई, आप्पा म्हनत्यात. मला इच्छा नगं. मला फकस्त तो हाय तसा करायचाय."

परीनं तिच्याकडे टक लावून पाहिलं. या फुलावरून त्या फुलावर उडणारी ती परी पहिल्यांदाच एका जागी उभी राहिली. मग तिनं आपल्या पंखावरची शेवटची टिकली, सोनेरी, तिळाएवढी, काढून मातीवर ठेवली. "घे. आता घाई करू नकोस. नीट बघ त्याला."

संध्याकाळ होईपर्यंत हौसा फाटकाशी ओट्यावर थांब्यासमोर मांडी घालून बसली होती. हो, बसली होती! तिनं मूर्तीचा कान होता तसाच मोडका केला. बरगड्या एकेक करून मोजल्या. मग मानेवरचा वळ. केस बाजूला करून तिनं पहिल्यांदाच तो नीट पाहिला. दोरीचा वळ होता, तीन पदरांच्या पिळाचा. बोटानं काही तो जमेना. म्हणून तिनं टोपलीला बांधलेली, आप्पांनी एके काळी वळलेली जुनी दोरी सोडली आणि मातीवर दाबली. पीळ जसाच्या तसा उमटला, पदराला पदर. हौसाला कसंतरीच झालं. का, ते तिला कळलं नाही. तिनं डोळे कोरले आणि माती क्षणभर सोन्यासारखी झाली.

पण त्या संध्याकाळी कुणी आलं नाही.

बेंदूर उजाडला. ढोल वाजू लागले. तातोबा बैलगाडी घेऊन फाटकाशी आले आणि एकेका जिवाला गाडीत चढवू लागले. राघू गाडीतूनही म्हणतच होता, "बसा, पाणी घ्या!" तातोबांनी थांब्याच्या गळ्यात दोरी टाकली तेव्हा हौसानं त्याला मिठी मारली.

"काका, थोडं थांबा! येईल कुनीतरी!"

"आगं पोरी, कोन येनार हाय ह्याच्यासाठी?" तातोबा म्हणाले, पण त्यांचाही आवाज खाली आला.

तेवढ्यात रस्त्याच्या वळणावर एक माणूस दिसला. पायात वहाण नाही, डोक्याला मुंडासं नाही, कधी भिंत धरत, कधी झाड धरत तो येत होता. दोन्ही हात वाऱ्यातल्या पानासारखे थरथरत होते. वर्षभर ज्यांनी उंबरा ओलांडला नव्हता ते आप्पा!

"आप्पा! तुमी कशाला आला?"

"कालच्यानं बसवंना गं मला," आप्पा धापा टाकत म्हणाले. "पडवंना, झोपवंना. पाय आपसूक..." समोर ओट्यावर मूर्ती होती. त्यांनी थरथरतं बोट पुढे केलं आणि मातीतल्या त्या वळावर ठेवलं. तीन पदरी पीळ. असा पीळ निंबारीत दुसरं कुणी वळत नव्हतं.

"चिखल्या," आप्पा म्हणाले.

थांब्याचा मोडका कान हलला.

हौसा कधी आप्पांकडे, कधी कुत्र्याकडे बघत राहिली. आप्पा खाली बसले आणि अडखळत बोलू लागले. "तुझी आई गेली, आन् म्या खिंडीपल्याडचं गाव सोडलं. पाठीवर चाक, छातीशी तू. ह्यो संगट हुता. मातीत लोळायचा म्हनून चिखल्या. तुला दूध मिळंना, ह्याला काय घालू? नदीकाठच्या झाडाला बांधला. म्हनलं, थांब, येतो. त्यो लगीच बसला. मला वाटलं, कोन तरी सोडील, नेईल. म्या परत गेलोच न्हाई. त्याच दिसापास्नं ह्ये हात..."

हौसाच्या मनात राग भरून आला. आप्पांनी? तिच्या आप्पांनी? तिला परीचा दुसरा नियम आठवला, रागानं मातीला हात लावायचा नाही, पण आता माती कुठे होती, समोर तर आप्पाच होते. तिनं त्यांच्याकडे नीट पाहिलं, काल थांब्याकडे पाहिलं होतं तसं. पांढरी दाढी, खोल गेलेले डोळे, आठ वर्षं एका जागी न ठरलेले हात. मग तिनं ते दोन्ही हात धरले आणि खऱ्या चिखल्याच्या मानेवर, त्या वळावर, नेऊन ठेवले.

चिखल्यानं त्यांचा वास घेतला. आधी बोटांचा, मग मनगटांचा. ज्या मातीच्या वासामागं तो नदी, रानं, खिंड ओलांडून आला होता आणि टोपलीपाशी बसून राहिला होता, तो वास इथं संपत होता. त्यानं आप्पांच्या मांडीवर डोकं टेकलं आणि मोठा उसासा टाकला.

आणि आप्पांचे हात थांबले. थरथर नाही, कंप नाही. शांत, तळ्यातल्या पाण्यासारखे.

त्याच क्षणी बागेत काहीतरी फुटल्यासारखा आवाज आला. जुनं कारंजं उसळलं! निळं, केशरी, पोपटी, गुलाबी पाणी झाडांच्या शेंड्यांपर्यंत उडालं आणि त्याच्या टोकावर परी उभी होती. तिच्या पंखांवर टिकल्याच टिकल्या पेटल्या होत्या.

"परीताई, म्या माझ्यासाठी काय मागितलं न्हाई!" हौसा घाबरून ओरडली.

"म्हणून तर मिळालं, सोनुले," परी म्हणाली. "आता मला एक डुलकी काढू दे बाई!" तिनं एवढी मोठी जांभई दिली की सगळे हसले. मग ती उजेडात विरत विरत गेली, आणि मागं नुसतं सोनेरी पाणी उडत राहिलं.

तातोबांनी काठी खाली टाकली, कुत्र्याच्या गळ्यातली दोरी काढली आणि ते गाडीकडे गेले. "उतरा रं सगळी," ते गुरगुरले, "मिरवणूक दुसऱ्या रस्त्यानं नेऊ." गर्दीतून दप्तरदार काका पुढे आले. रात्रभर ते अंगणात चकरा मारत होते. "पिंजरा नाही आता," ते म्हणाले. "खिडकीत बसेल का हा?" राघू उडी मारून त्यांच्या खांद्यावर चढला आणि त्यांच्याच कानात ओरडला, "बसा, बसा!" काकांनी डोळे पुसले.

पुढं आप्पांचं चाक पुन्हा फिरू लागलं. घरात दोन वेळची भाकरी आली, आणि दुधाची वाटीसुद्धा. राहिलेल्या मंडळींच्याही मूर्ती हौसानं घडवल्या, साध्या चिखलाच्या, बिनचमकीच्या, पण जशा आहेत तशा. त्या पाहून कुणी आपलं जनावर घेऊन गेलं, कुणी दुसऱ्याचं. आजही निंबारीत बेंदराला पाटावर मातीच्या बैलाशेजारी मोडक्या कानाचा मातीचा कुत्रा ठेवतात आणि त्याला पुरणपोळीचा पहिला घास देतात. आणि फाटकाशी गुपचूप पिल्लू सोडायला कुणी आलंच, तर ओट्यावरच्या त्या मूर्तीपाशी त्याचे पाय अडखळतात. मग ते पिल्लू पुन्हा बगलेत मारून तो घरी जातो.

पण त्या बेंदराच्या सकाळी काय झालं, तेवढं सांगायचं राहिलं. गर्दी पांगली. आप्पा उठले, हौसाचा हात धरला आणि चार पावलं चालले. मागं वळून बघतात तर चिखल्या जागचा हलला नव्हता. बसला होता तसाच, शेपूट गुंडाळून, त्यांच्याकडे बघत. आठ वर्षांपूर्वी त्याला थांब म्हटलं होतं, आणि अजून कुणी दुसरं काही सांगितलं नव्हतं.

आप्पा माघारी आले. वाकले. त्याच्या मोडक्या कानाशी तोंड नेऊन म्हणाले, "आलो रं. चल."

आणि तो उठला.